उणी बाजू, नव्वद सेकंदांत

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाकडच्या आत्याबाई विचारतात, "मुलीचा स्वभाव कसा आहे हो?" मुलीची आई म्हणते, "तशी गुणाची आहे. एकच खोड, कामाला लागली की जेवणाखाण्याची शुद्ध राहत नाही तिला." दोष सांगितल्यासारखं करायचं आणि हळूच गुण पुढे सरकवायचा, ही विद्या आपल्या घराघरांत आहे. माझ्या भाचीचा जन्म न्यू जर्सीतला, तरी तिला ती न शिकवता आली. मागच्या सप्टेंबरात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती मला म्हणाली, "मावशी, वीकनेस विचारला तर मी परफेक्शनिस्ट आहे असं सांगणार. चालेल ना?"

"नाही चालणार."

"का? सगळे तेच सांगतात."

"म्हणूनच."

तिला पीए स्कूलची मुलाखत होती. मी स्वतः चौदा वर्षं इमर्जन्सी विभागात पीए आहे, आणि मध्ये काही वर्षं एका अभ्यासक्रमाच्या मुलाखत-मंडळावरही बसले आहे. 'तुमची एखादी उणी बाजू सांगा' या प्रश्नाला मिळालेली उत्तरं मी इतकी ऐकली आहेत की पहिल्या चार शब्दांत पुढचं कळतं. परफेक्शनिस्ट, कामात फार गुंतणारे, 'मला कुणाला नाही म्हणता येत नाही'वाले. यातलं कुणी खोटं बोलत असतं असं नाही. पण ऐकणाऱ्याच्या कागदावर काहीच उतरत नाही.

हा प्रश्न इथे इतक्या आग्रहानं का विचारतात हे समजायचं तर आधी पीए म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. फिजिशियन असिस्टंट या नावामुळे डॉक्टरांची बॅग उचलणारी कोणीतरी असा समज होतो, पुण्याहून फोन करणारे माझे काका अजूनही विचारतात, "मग तुझे डॉक्टर काय म्हणतात?" प्रत्यक्षात आम्ही रुग्ण तपासतो, निदान करतो, तपासण्या सांगतो, टाके घालतो आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत औषधं लिहून देतो. २०२१ साली आमच्या राष्ट्रीय संघटनेनं 'असिस्टंट'च्या जागी 'असोसिएट' म्हणायचा ठराव केला, तो या गैरसमजाला कंटाळूनच. भारतातही हा पेशा नवा नाही, चेन्नईत १९९२ मध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू झाला; पण मुलाखतीचं हे सगळं प्रकरण मी सांगतेय ते अमेरिकेतलं.

आमचं शिक्षण डॉक्टरांपेक्षा बरंच तोकडं. त्यांची मेडिकल स्कूलची चार वर्षं आणि वर रेसिडेन्सीची किमान तीन. आमचे अभ्यासक्रम साधारण दोन ते तीन वर्षांचे, सत्तावीस महिन्यांचे तर कितीतरी. हे अंतर भरून कशानं निघतं? काही प्रमाणात आधीच्या अनुभवानं. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये पहिली तुकडी घेतली ती चार जणांची, चौघंही नौदलातून वैद्यकीय मदतनीस म्हणून काम करून आलेले. त्यातले तिघं १९६७ च्या ६ ऑक्टोबरला अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडले. तो दिवस आम्ही अजून पाळतो. मला त्या निवडीत एक गोष्ट नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. या माणसांनी जखमा बांधल्या होत्या, इंजेक्शनं दिली होती, आणि आपण डॉक्टर नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याला कुठवर येतं आणि कुठून पुढे येत नाही, हे ओळखून वेळेवर हाक मारायची, या सवयीवर आमचा सगळा पेशा उभा आहे.

मी स्वतः ही सवय उशिरा शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षात, पहाटे तीनच्या सुमाराला सत्तरीच्या एक बाई पोटदुखीनं आल्या. पोट हाताला मऊ लागत होतं, कुठे ताठरपणा नाही. आणि बाई मात्र तळमळत होत्या. तपासणीत काही सापडत नाही आणि दुखणं तर असह्य, हे न जुळणं म्हणजेच धोक्याची खूण असते, आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडलेला असू शकतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी पलीकडच्या खोलीतल्या डॉक्टरांना उठवायला मी चाळीस मिनिटं लावली. 'मला हे जुळत नाहीये, तुम्ही बघा' एवढं वाक्य तोंडातून निघेना, कारण ते कमीपणाचं वाटत होतं. शेवटी बोलावलं, सीटी झाला, बाई ऑपरेशनला गेल्या आणि वाचल्या. त्या चाळीस मिनिटांचं श्रेय किंवा अपश्रेय कुणाच्याच नोंदीत नाही.

मुलाखतीतला तो प्रश्न त्या चाळीस मिनिटांसाठी असतो. आपल्याला न येणारी गोष्ट हा उमेदवार मोठ्यानं बोलू शकतो का, ती बोलताना स्वतःला सावरत बसतो का, आणि बोलल्यावर काही करतो का. दुसरंही एक कारण आहे. पहिलं वर्ष वर्गातलं, पण दुसऱ्या वर्षी विद्यार्थी दर चार-सहा आठवड्यांनी नव्या विभागात जातो: शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीआरोग्य, मानसोपचार, इमर्जन्सी. प्रत्येक ठिकाणी नवा शिकवणारा, आणि शेवटी त्याचा लेखी शेरा. वर्षभर दर महिन्याला एक अनोळखी माणूस तुमच्या चुका काढणार. चूक दाखवली की ज्याचं तोंड उतरतं, किंवा जो लगेच सफाई देऊ लागतो, त्याचं ते वर्ष अवघड जातं. त्याच्यासोबत काम करणाऱ्यांचंही.

आता प्रश्न कसा येतो ते पाहू. तो नेहमी 'तुमची उणी बाजू' अशा वेशातच येतो असं नाही. समोरासमोरच्या किंवा दोघातिघांच्या पॅनेलसमोरच्या मुलाखतीत तो सरळ येतो. काही शाळा 'मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू' घेतात. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून निघाली. एका ओळीत खोल्या, प्रत्येक दारावर एक प्रसंग चिकटवलेला, वाचायला साधारण दोन मिनिटं, आत बोलायला सात-आठ मिनिटं, घंटा वाजली की पुढची खोली. तिथे दारावर लिहिलेलं असतं: 'तुमच्यावर टीका झाली आणि ती तुम्हाला पटली नाही, असा प्रसंग सांगा.' प्रश्न तोच, पोशाख वेगळा. गटचर्चेत तर विचारतही नाहीत. सहा जणांना मिळून एक कोडं सोडवायला देतात आणि कोण कुणाचं बोलणं तोडतं ते बघत बसतात. इमारत दाखवायला नेणारा हसतमुख विद्यार्थीही बऱ्याच ठिकाणी नंतर आपलं मत देतो. उमेदवार त्याच्याशी मोकळेपणानं बोलतात, आणि कधी कधी जरा जास्तच.

आमच्या मंडळात प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण देत असू. मला लोक विचारतात, किती वाईट दोष सांगितला तर किती गुण कापता? तसं नसतं. दोषाला गुण नसतातच. आम्ही ऐकत असू ते असं: दोष एखाद्या प्रसंगात दिसला का, की नुसतं विशेषण होतं? त्यानं कुणाचं काही बिघडलं का, आणि ते उमेदवाराला दिसलं का? मग काय केलं? आणि अजून किती शिल्लक आहे? या शेवटच्या प्रश्नाशी बहुतेकांची गाडी अडते. उणीव सांगून लगेच 'पण आता मी त्यावर मात केली आहे' असं म्हटलं की ती उणीव राहतच नाही. मग आज तुमच्यात काय उणं आहे, हे आम्हाला कुठे कळलं?

आता टेबलाशी परत येते. भाचीला म्हटलं, आधी शोधू या. स्वतःच्या मनात शोधायला लागलं की परफेक्शनिस्टच सापडतो, म्हणून कागद काढायचे. ती दोन वर्षं एका अर्जेंट केअरमध्ये मेडिकल असिस्टंट होती. रुग्णांशी थेट संबंध आलेल्या कामाचे शेकडो, काही ठिकाणी हजारो तास मागतात, त्यासाठी मुलं अशी कामं करतात: कुणी अँब्युलन्सवर, कुणी नर्सिंग होममध्ये, कुणी रक्त काढायला. तिथे वर्षाअखेरीला सुपरवायझर एक मूल्यमापन देतात. मी म्हटलं, ते आण. दोन्ही वर्षांच्या कागदांवर कौतुकाच्या ओळींखाली एकच वाक्य थोडं फिरवून लिहिलेलं होतं: अजून मोकळेपणानं बोलावं.

"हे म्हणजे मी शांत आहे असं," ती म्हणाली.

"शांत असणं हा दोष नाही. बोलली नाहीस म्हणून कधी काही झालं का?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सांगितलं.

चार वर्षांचा एक मुलगा ताप घेऊन आला होता. वजनकाट्यावर आकडा आला ४४. काटा पौंडांत होता. अमेरिकेत लोक वजन पौंडांतच सांगतात, पण मुलांचं औषध किलोवर मोजतात. ४४ पौंड म्हणजे वीस किलो. घाईत कुणीतरी संगणकात ४४ किलो नोंदवलं. तापाचं साधं औषध, अ‍ॅसिटामिनोफेन, किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबानं वीस किलोला ३०० मिलिग्रॅम. ४४ ला ६६०. दुपटीहून जास्त. भाचीनं मुलाकडे पाहिलं, पडद्यावरचा आकडा पाहिला, आणि तिला वाटलं, हे काही बरोबर नाही. पण समोरची नर्स वीस वर्षांच्या अनुभवाची. आपलंच चुकत असेल, असं म्हणून ही गप्प बसली. औषध सिरिंजमध्ये भरलं गेलं. मुलाला पाजायच्या आधी नर्सनंच थबकून विचारलं, "एवढा छोटा आणि ४४ किलो?" आणि वजन दुरुस्त झालं.

"म्हणजे काहीच झालं नाही," भाची म्हणाली.

मला त्या क्षणी माझी चाळीस मिनिटं आठवली. तिला सांगितली नाहीत तेव्हा. एवढंच म्हटलं, "झालं की. तू नसतीस तरी जे झालं असतं तेच झालं. तू खोलीत असून नव्हतीस."

जरा लागलं तिला. पण उत्तर सापडलं होतं.

सापडलेली गोष्ट सांगण्याजोगी आहे का, हेही बघावं लागतं. काही गोष्टी खऱ्या असून सांगू नयेत. वेळेवर न येणं, रुग्णांवर चिडणं, दुसऱ्याच्या लॉगइननं नोंदी करणं: यांना उणीव म्हणत नाहीत, ती या कामाला नालायक ठरवणारी कारणं आहेत, आणि ती खरी असतील तर मुलाखतीआधी वर्षभर थांबून आधी त्यांचं बघावं. उलट टोकाला अगदी निरुपद्रवी उत्तरं: 'मला सार्वजनिक भाषणाची भीती वाटते', 'मी एक्सेलमध्ये कच्ची आहे.' भाषणाचं चालतं, जर ती भीती रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना आड येत असेल तर. एक्सेलचं सोडून द्या.

आजाराचंही वेगळं आहे. नैराश्य, एडीएचडी, अपस्मार, असं काही असलं की प्रामाणिक मुलांना वाटतं, हीच आपली उणी बाजू, हेच सांगावं. आजार हा स्वभावातला उणेपणा नव्हे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानं अशा उमेदवारांना संरक्षण दिलं आहे. शाळेनं प्रवेशाआधी आजाराबद्दल विचारायचं नसतं, आणि काही सोयी हव्या असतील तर त्या प्रवेशानंतर त्यासाठी असलेल्या कार्यालयाकडे मागायच्या असतात. सांगायचंच असेल तर तो तुमचा निर्णय; पण या प्रश्नाच्या रेट्यानं नको.

आणि एक गफलत जी मी दरवर्षी पाहिली: 'तुमची उणी बाजू' आणि 'तुमच्या अर्जातली उणी बाजू' हे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्यात गुणपत्रिकेबद्दल बोलायचं. देशभरातले बहुतेक अर्ज 'कास्पा' या एकाच सेवेमार्फत जातात, आणि कास्पा पुन्हा दिलेल्या विषयाचे जुने गुण पुसत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आधी सी आणि मग ए मिळाला, तर सरासरीत दोन्ही धरतात. म्हणजे तो सी समोरच्याच्या हातातल्या कागदावर आहे, लपवण्यात अर्थ नाही. दोन वाक्यांत कारण, एक वाक्य पुढे अभ्यासाची पद्धत कशी बदलली त्यावर, आणि गप्प. अवघड प्राध्यापक, आजारी आजी, कोव्हिड, असं सगळं खरं असलं तरी एकावर एक रचत गेलं की ऐकणारा मनातल्या मनात घड्याळ बघू लागतो.

भाचीनं पहिला मसुदा म्हटला: "मला कधी कधी स्पष्ट बोलायला जमत नाही, पण मी त्यावर काम करते आहे." आठ सेकंद. यात माणूस नाही, जागा नाही, मूल नाही. दुसऱ्या मसुद्यात गोष्ट आली, आणि जरा जास्तच आली: काटा कुठे होता, नर्स किती घाईत होती, संगणकाची ती प्रणाली कशी वाईट आहे. ऐकताना मला त्या नर्सचाच राग येऊ लागला. याचा अर्थ दोष भाचीच्या अंगावरून सरकून दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाला होता. तिसऱ्यांदा तिनं सुरुवातच अशी केली: "आमच्या मराठी घरात मोठ्यांना उलट बोलत नाहीत..." मी थांबवलं. खोटं नव्हतं ते. माझ्याही घरात तसंच होतं, आणि पहाटे तीनला माझ्या घशात तेच अडकलं होतं. पण पहिल्याच वाक्यात आजी-आजोबांना पुढे केलं की आपण त्यांच्या मागे उभे राहतो. सांगायचं तर मध्ये, अर्ध्या वाक्यात.

उत्तर इंग्रजीतच द्यायचं होतं, पण अखेरीला जे उरलं ते मराठीत साधारण असं:

"माझ्यापेक्षा अनुभवी माणसाचं काही चुकतंय असं वाटलं, तर मी गप्प बसते. मागच्या वर्षी एका चार वर्षांच्या मुलाचं वजन पौंडांऐवजी किलोत नोंदलं गेलं. मला आकडा खटकला होता, पण नर्स वीस वर्षांच्या अनुभवाची होती आणि मी धरून चालले की माझंच चुकत असेल. औषध दुपटीहून जास्त भरलं गेलं. तिनंच ते पकडलं, मी नाही. त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. वजन घेतलं की आकडा किलोत मोठ्यानं म्हणते, म्हणजे माझ्यासकट सगळ्यांच्या कानावर पडतो. आणि शंका आली की ठरलेल्या वाक्यानं सुरुवात करते: 'मला याची काळजी वाटतेय.' नर्सशी आता हे जमतं. डॉक्टर समोर असले की अजूनही क्षणभर अडखळते. मागच्या महिन्यात तसं एकदा झालं. तेव्हा मी बोलले, पण खोलीबाहेर आल्यावर."

सावकाश म्हटलं तर सव्वा मिनिट. दीड मिनिटाच्या पुढे हे उत्तर कधीच जाऊ नये.

यातलं 'मला याची काळजी वाटतेय' हे तिचं स्वतःचं नाही. अमेरिकन रुग्णालयांत 'टीमस्टेप्स' नावाचं प्रशिक्षण देतात, आरोग्य खात्याच्या एका संस्थेनं आणि संरक्षण खात्यानं मिळून बनवलेलं. त्यात कनिष्ठानं वरिष्ठाला थांबवायच्या तीन पायऱ्या आहेत: मला काळजी वाटतेय, मला हे ठीक वाटत नाही, हा रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. ऐकायला पोरकट वाटतं. पण घाबरलेल्या माणसाला नवं वाक्य जुळवता येत नाही, पाठ असलेलंच तोंडात येतं, हे ज्यानं कुणी ओळखलं त्याचं मला कौतुक आहे. १९९९ मध्ये वैद्यकीय चुकांवर एक गाजलेला अहवाल आला. रुग्णालयांतल्या टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरतात, असा त्याचा अंदाज होता. आकड्यांवरून पुढे पुष्कळ वाद झाले. पण वाईट माणसं शोधण्यापेक्षा चूक वेळेवर बोलता येईल अशी व्यवस्था करा, ही त्याची भूमिका टिकली. मुलाखत घेणारे पीए आणि डॉक्टर त्याच हवेत वाढलेले आहेत. चूक कबूल करणाऱ्या उमेदवाराला ते कमी लेखत नाहीत. उलट तिथेच पेन उचलतात.

उत्तर संपलं की खरी मुलाखत सुरू होते. उत्तर कितीही घोटलेलं असलं, पुढचे प्रश्न घोटता येत नाहीत. 'अजून एक सांगा' हा ठरलेला. बऱ्याच जणांकडे दुसरी उणीव तयार नसते आणि मग परफेक्शनिस्ट मागच्या दारानं परत येतो. 'तुमच्या सुपरवायझरला आत्ता फोन केला तर ते काय सांगतील?' हाही आवडता. फोन कुणी करत नाही. पण शिफारसपत्रं समोर असतात, आणि तुम्ही म्हणता तुम्हाला बोलता येत नाही आणि पत्रात लिहिलंय 'कुणाचं ऐकून घेत नाही', तर ते दिसतं. कधी काहीच विचारत नाहीत, नुसतं तुमच्याकडे बघत राहतात. ती शांतता भरायचा मोह होतो आणि माणूस नको ते बोलून जातो. पाणी प्या. थांबा. त्यांची पाळी आहे.

सराव करायचाच, पण वाक्यं पाठ करून नाही. आम्ही एका चिठ्ठीवर चारच शब्द लिहिले: वजन, नर्स, किलो मोठ्यानं, डॉक्टर. रोज रात्री एकदा, दर वेळी वेगळ्या शब्दांत. २०२० पासून बऱ्याच मुलाखती झूमवर होऊ लागल्या, तेव्हा पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवून वाचणारे खूप झाले. त्यांना वाटतं कळत नाही. डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना समोर स्पष्ट दिसतात.

शेवटच्या सरावाला मी तिला माझी पहाटे तीनची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "तुझ्या इंटरव्ह्यूत तू काय सांगितलं होतंस मग?"

"परफेक्शनिस्ट," मी म्हटलं.

ती इतकी हसली की चहा सांडला.

मुलाखत ऑक्टोबरात झाली, प्रत्यक्ष जाऊन. दुपारी गाडीतूनच तिचा फोन आला. "विचारलं मावशी. तिघं होते. सगळं सांगितलं, डॉक्टरांचंसुद्धा."

"मग?"

"मग त्यातल्या एका बाईंनी विचारलं, त्या नर्सशी नंतर तू बोललीस का? म्हणजे, तुलाही खटकलं होतं हे तिला सांगितलंस का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. तीन आठवडे सराव करून.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. नाहीच सांगितलं ना." मागून टर्नपाइकवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "मग त्यांनी काहीतरी लिहून घेतलं."